बियाला हिवाळा आठवत नाही

प्रिय आई,

परवा फोनवर तू मुलाबाळाचं विचारलंस आणि मी ‘नकोच वाटतं’ म्हणून घाईनं फोन ठेवला. तुला लागलं असणार. कारण आज सांगते, पण आधी माझ्या रोपांचं ऐक. त्याशिवाय मला नीट सांगता यायचं नाही.

आमच्या प्रयोगशाळेत एक थंड खोली आहे. आत जाताना मी तुझ्या जावयाचा स्वेटर चढवते. तिथे काही आठवडे काढल्याशिवाय आमची रोपं वेळेवर फुलत नाहीत. त्यांच्यातलं एक जनुक सारखं ‘थांब, एवढ्यात नको’ म्हणत बसतं, थेट तुझ्यासारखं! थंडी पडली की त्याच जनुकाच्या जागेवरून आरएनएचा एक लांबलचक धागा तयार होतो. एरवी आरएनए म्हणजे प्रथिन बनवायचा निरोप. या धाग्यातून काहीच बनत नाही. असल्यांना पूर्वी अडगळ समजत. पण तोच त्या जनुकाचं तोंड बंद करायला हातभार लावतो, आणि पुढे ऊब आली तरी ते बंदच राहतं. मेंदू नाही, काही नाही, आणि झाडाला हिवाळा आठवतो! हे उमगलं तेव्हा मी ट्रे हातात धरून नुसती उभी राहिले.

मग थंडी सोसलेल्या रोपांचं बी मी उबेत पेरलं. पानांवर पानं आली, फुलाचा पत्ता नाही. वाटलं, माझ्याच हातून ट्रेवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. शाळेत घालण्याआधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तूच शिकवलंस ना, उत्तर बरोबर आलं तरी ताळा कर म्हणून! पुन्हा पेरलं. पुन्हा तेच. भीत भीत आमच्या प्रमुख बाईंकडे गेले, तर त्या हसायलाच लागल्या. अगं, आईनं गारठा सोसला म्हणून लेकराचा हिवाळा चुकतो होय? बी धरताना झाड ते सगळं पुसतं, पोराला पाटी कोरी देतं. वाचलं नव्हतंस का, म्हणाल्या. वाचलं होतं गं. डोळ्यांसमोर घडताना पाहिलं नव्हतं.

आई, गॅस बंद केला का बघायला आपण दोघी अर्ध्या जिन्यातून परत येतो. तुझी धास्ती माझ्यात आली, माझी आणखी एका जिवात जाईल, म्हणून मी नको म्हणत होते. रोपाचं माणसाला लावायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. बाईंना विचारूनही झालं. तरी त्या काही न आठवणाऱ्या कोवळ्या पानांपुढे वाटलं, येणारा जीव काय घेऊन येईल हे आधीच ठरवणारी मी कोण?

फोनवर बोललो तेव्हाच मला दिवस गेले होते. डॉक्टरांची वेळ घेतली होती ती मूल ठेवायचं नाही म्हणून. काल तुझ्या जावयाला सांगितलं, ती वेळ रद्द कर. तो मोरीत जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिला. तुला लिहून कळवतेय, कारण फोनवर तू रडशील, मग मी रडेन आणि सांगायचंच राहील. भीती अजून वाटतेच आहे. तू ये, तुझ्याशेजारी बसून वाटू दे.

तुझीच,
भित्री भागूबाई