जौहराच्या पोटात दोन

१२ ऑगस्ट
जौहराच्या पोटात दोन शिंगरं आहेत. डॉ. शमीमबाईंनी मशीन दोनदा फिरवलं, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन काळजं.

घोडीला दोन पेलत नाहीत. "मार्चमध्येच कळलं असतं तर एक तेव्हा काढता आलं असतं. आता हात लावला तर दोन्ही जातील, घोडीसुद्धा." मग म्हणाल्या, "दुसरी तपासणी नको, असं अरबाबच म्हणाले होते ना?"
मी मान हलवली.
आमचे मालक, अरबाब, तसं काही बोललेच नव्हते.

१३ ऑगस्ट
लिहून टाकतो. पहिल्या तपासणीत एकच दिसलं होतं. दोन दिवसांनी परत बघू, असं बाई म्हणाल्या. नेमका त्या दिवशी गावचा मधू कुडाळला निघालेला. माझ्या लेकीचा, ईशाचा, पाचवा वाढदिवस, तिचा फ्रॉक त्याच्याकडे द्यायला शहरात, हूराला जायचं होतं. इथून, झल्लाकच्या तबेल्यातून, जाऊन येण्यात दिवस मोडतो. बाईंना फोन केला, मालक नको म्हणतात.
एका फ्रॉकसाठी.

२० ऑगस्ट
बाईंना विचारलं, आमच्याकडे शेळीला तीन होतात, मग एवढ्या मोठ्या घोडीला दोन का झेपत नाहीत? म्हणाल्या, हाच प्रश्न जुन्या ग्रीकांना पडला होता. ते जनावरं फाडून बघायचे. त्यांचं म्हणणं, लहान अंगाला पिल्लं फार, मोठ्या अंगाला एकच. खाल्लेलं सगळं अंग वाढवण्यात जातं, पिल्लासाठी थोडंच उरतं. हत्तीण, घोडी, सगळ्यांचं तेच.
"खरं कारण वेगळं. गर्भाशयात एकापुरतीच जागा. दोघं एकमेकांचं पोषण तोडतात."
मला ग्रीकांचं पटलं. कमी पडतंय तर वाढवता येईल.

४ सप्टेंबर
जव दीडपट. वर खजूर. बाईंना सांगितलं नाही. अरबाब म्हणाले, अंग छान भरलंय.

२ ऑक्टोबर
पोटशूळ. सकाळपासून जौहरा जमिनीवर लोळायला बघत होती, मी दोरी धरून फिरवत होतो. बाई आल्या, नाकातून नळी घातली. मग खाण्याची बादली बघितली.
"ग्रीकांचं अर्धंच ऐकलंस, सदा. चरबी चढलेल्या जनावराला पिल्लं कमी होतात, हेही त्यांनीच लिहिलंय."
वाचली. पण माझ्या हाताने मारली असती.

२९ डिसेंबर
कासेत दूध उतरलं. दहावा महिना आत्ता कुठे संपतोय, अजून सहा आठवडे तरी हवेत. बाई म्हणतात, आतलं एक बहुतेक गेलं असावं. "अब दुआ करो."
देवाला काय सांगू? खोटं बोललो त्याचं काय, असं तो विचारील.

३ जानेवारी
बायकोला, सुमनला, फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सांग त्यांका. लपवन काय गावतला?"
नोकरी गेली तर?
"गेली तर गेली. तुका झोप तरी येयत."

४ जानेवारी
सांगितलं. अरबाब गाडीजवळ उभे होते. ऐकून एकच शब्द, "लेश?" का?
फ्रॉकचं सांगितलं. शरम वाटली.
ते जौहराकडे गेले, तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. जाताना म्हणाले, "ती मोकळी होईपर्यंत इथून हलू नकोस. नंतर बोलू."
बाईंनाही सांगितलं. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

७ जानेवारी
पहाटेच्या अजाननंतर व्याली. पहिलं मेलेलं. कुत्र्याच्या पिल्लाएवढं, अंगावर केस नाहीत. दुसरं जिवंत, मादी. कान लोंबतात, पाय काडीसारखे, चोखायची ताकद नाही. जौहरा उभी आहे, तिला चाटते. मेलेल्याकडेही वळते, पुन्हा पुन्हा.
गोणपाटात गुंडाळून मीच उचललं. वजन लागलंच नाही.

८ जानेवारी
नळीने दूध. दर तासाला. बाई म्हणतात, तीन दिवस गेले तर आशा. हिचं अंग लहान का, हे आता मी कुणाला विचारत नाही.
दुपारी अरबाब आले. पांढऱ्या कपड्यांनिशी गवतात बसले, शिंगराचं डोकं मांडीवर घेतलं. मी दूध ओतत होतो, ते नळी धरून होते. माझ्या नोकरीचं विचारायचा धीर झाला नाही.

९ जानेवारी
आज पुढचे पाय ताणून उठायला बघितलं. पडली. मी खालून हात दिला, परत पडली. अरबाबांचा फोन, उठली का? म्हटलं, अजून नाही. त्यांनी फोन ठेवला नाही. मी तो गवतात ठेवून परत खालून हात दिला.