लॉकरमध्ये नसलेल्या पाटल्या

शोळिंगनल्लूर, चेन्नई
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तीन महिने पत्र नाही, फोनवरही मी घाईतच असते, त्याबद्दल क्षमा कर. एक गोष्ट फोनवर सांगायचं धैर्य होत नव्हतं.

सोमवारी कर्जाचा शेवटचा हप्ता फेडला. शरदचा चिंचवडचा कारखाना बंद पडल्यापासून सहा वर्षं लागली. वीस कामगारांना पगार देणारा माणूस इथे रोज दुसऱ्याच्या कारखान्यात कार्ड दाखवून आत जातो, पण कधी कुरकुरला नाही. माझ्या हिंदीच्या शिकवणीला आता तेवीस मुलं आहेत. सगळी गल्ली मला ‘हिंदी मिस’ म्हणते. आई, मला आम्हा दोघांचा अभिमान वाटतो.

आता ती गोष्ट. तू मला लग्नात घातलेल्या पाटल्या तू समजतेस तशा लॉकरमध्ये नव्हत्या, गहाण होत्या. दादाच्या अनयच्या लग्नात मी घातल्या त्या खोट्या. तू हात धरून म्हणालीस, "जुन्या सोन्याची झळाळीच वेगळी," आणि मी हात सोडवून घेतला.

परवा त्या सोडवून आणल्या. शरद म्हणाला, "बँकेचा एक हप्ता चुकवला नाहीस, मग आईंना खरं सांगायचं किती दिवस थकवणार?"

रागव, पण माझ्यावर. तो पाटल्या गहाण ठेवायला नकोच म्हणत होता.

गुडघे कसे आहेत? दादा गोळ्या वेळेवर आणतो ना?

तुझी,
ऋजुता

(शिकवणीच्या वहीत) उद्याचं काम: आईचं हे पत्र पुन्हा न वाचता पोस्टाच्या पेटीत टाकणे.