पोटाचं मुद्रितशोधन

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून पोटावर पूर्ण ताबा. पुढच्या रविवारी कौस्तुभचे आईवडील हाटकेशहून जेवायला येतायत. आमच्या लेकीने, समिधाने, हा मुलगा स्वतः निवडलाय. मागच्या स्थळाच्या वेळी पुरणपोळी खाऊन मी दोनदा संडासला उठलो आणि मग जो ढेकर दिला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. स्थळ गेलं. बायको, गिरिजा, म्हणते, ढेकरामुळेच गेलं. मला नाही पटत. तरी या वेळी रिस्क नको.

३ फेब्रुवारी
सापडलं! वाचनालयातून आणलेल्या आरोग्याच्या पुस्तकात वाक्य आहे: कोऱ्या चहातले टॅनिन पचनाच्या विकरांना अडवते. विकरांना! काना राहिलाय. उभं आयुष्य प्रेसमध्ये प्रुफं तपासली, माझ्या नजरेतून काय सुटतंय? लगेच पेनने काना दिला. पचनाच्या विकारांना अडवते. पुढच्या वाचकाची सोय झाली. गिरिजा म्हणाली, अहो, डॉक्टरकडे जा. डॉक्टरला शुद्धलेखन येतं का?

४ फेब्रुवारी
कोरा चहा सुरू. उठल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर. दुधाने टॅनिनचा जोर कमी होतो म्हणे, म्हणून दूध बंद. पोट फुगलंय. विकार अडला की आत गर्दी होणारच.

६ फेब्रुवारी
कालचा उपमा अजून छातीशी बसलाय. डोस कमी पडतोय. जेसल पार्कच्या टपरीवर चाचांना म्हटलं, और कडक. ते म्हणाले, अंकल, इससे कडक तो डांबर होता है. अडाणी माणूस.

८ फेब्रुवारी
भातसुद्धा पचत नाही. कळा येतायत. देवा, फक्त उद्याचा दिवस निभावून ने. संध्याकाळी समिधा शेजारी येऊन बसली. म्हणाली, बाबा, उद्या तुम्ही नुसते शांत बसा, प्लीज. मला रडूच आलं. पोरीचं सगळं सुख माझ्या आतड्यात अडकलंय आणि आतडं माझं ऐकत नाहीये. उद्या पहाटेपासून डबल पत्ती.

९ फेब्रुवारी, रविवार, दुपार, संडासातून
पाहुणे आले. नमस्काराला वाकलो तो वाकलेलाच इकडे आलो. आतूनच समिधाला म्हटलं, पुस्तकात बघ, आणखी काही उपाय दिलाय का. बाहेर पानं उलटल्याचा आवाज. मग दाराला तोंड लावून म्हणाली, बाबा, हा काना कुणी दिला? विकर म्हणजे एन्झाइम. तेच तर अन्न पचवतात.
म्हणजे आठवडाभर मी पचनच अडवत होतो. पुस्तक बरोबर होतं. छपाईसुद्धा चांगली होती.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
बाहेर आलो तर पाहुणे गेलेले. लग्न ठरलं. मे महिन्यात. समिधा हसत फोनवर बोलतेय. गिरिजा म्हणाली, गप्पा इतक्या रंगल्या की वेळ कसा गेला कळलं नाही. विचारलं, माझी काही चौकशी केली का त्यांनी?
ती आठवत राहिली. मग म्हणाली, हो, कौस्तुभच्या आईने विचारलं, तुमच्याकडे दुसरा संडास आहे का.