सोमवारच्या आत दोन साक्षीदार

मी, मिसेस ओझेला प्रुइट, कै. होझिया प्रुइट यांची विधवा, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा सुईणीचा, राहणार बेथेल रिज, लोमॅक्स काउंटी, मिसिसिपी राज्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे सोडले तर शरीरही बरे आहे. यापुढे "कोणत्याही भीतीशिवाय व दडपणाशिवाय" असे लिहायची रीत आहे, असे मिस्टर टीग सांगतात. टीग आमच्या काळ्या लोकांचे अंत्यविधी करतात, त्यामुळे असले कागद त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. पण ते शब्द मी लिहिणार नाही. मेल्यावर वाचायच्या कागदात पहिल्याच ओळीला खोटे कशाला? मला भीती वाटते. भीती वाटते म्हणून डोके फिरले असे होत नाही, हे कोर्टाने ध्यानात घ्यावे.

कलम पहिले: कारण. येत्या सोमवारी, बारा ऑगस्टला, सकाळी दहा वाजता मी काउंटीच्या कचेरीत मतदार यादीत नाव घालायला जाणार आहे. फॉर्मवर एकवीस प्रश्न असतात. शिवाय कारकून राज्यघटनेतले एखादे कलम पुढे टाकतो आणि याचा अर्थ लिहा म्हणतो. अर्थ बरोबर की चूक तेही तोच ठरवतो. पास व्हा नाहीतर नापास, तुमचे नाव आणि पत्ता दोन आठवडे वर्तमानपत्रात छापून येतो. कायदाच तसा केला आहे. कोणाला कामावरून काढायचे आणि कोणाच्या घराकडे गाडी वळवायची, हे ज्याला हवे त्याला घरबसल्या कळते. एप्रिलात नेल्सन गेजचे नाव छापून आले. आठवड्याच्या आत त्याचे कोठार पेटले. आत दोन खेचरे होती. त्यांचे ओरडणे माझ्या ओसरीवर ऐकू येत होते.

जूनमध्ये मी एकदा जाऊन आले. कचेरीच्या तीन पायऱ्या चढले आणि माघारी फिरले. चर्चमध्ये सांगितले, ऊन लागले. ऊन कसले डोंबलाचे! घाबरून पळाले होते मी. हे आजवर कोणाला सांगितले नव्हते. मेल्यावर लाज कसली, म्हणून इथे लिहून ठेवते.

मग जातेस कशाला, असे मुले विचारतील. नऊशे अकरा जन्मदाखल्यांवर माझी सही आहे. त्यातली कितीतरी गोऱ्यांची पोरे, गावात डॉक्टर नव्हता तेव्हाची. त्या वेळी कोणी म्हणाले नाही की ओझेलाला लिहिता येत नाही. मतदार यादीचा कागद आला की मात्र मी अडाणी! हे मला सहन होत नाही. एवढेच कारण आहे. मोठे भाषण मला येत नाही.

गुरुवारी आणि शुक्रवारी, भर दुपारी, नंबराची पाटी काढलेला एक हिरवा पिकअप घरासमोर आला, हळू झाला, थांबला आणि गेला. चालवणाऱ्याला मी ओळखते. पायाळू जन्मला होता तो. त्याची आई अठरा तास माझा हात धरून होती. त्याचे नाव इथे लिहीत नाही. लिहिले तर हा कागद घरात ठेवायचा धीर होणार नाही.

कलम दुसरे: जमीन. होझियाने लाकडाच्या वखारीत खांदे झिजवून घेतलेली अडतीस एकर जमीन आणि तिच्यावरची दोन्ही घरे, म्हणजे माझे आणि पलीकडे एझेल राहतो ते, <s>माझा मुलगा एझेल प्रुइट याला</s> एकट्याला द्यावीत. "एकट्याला" हा शब्द मी मुद्दाम ठळक लिहिला आहे.

याचे कारण माझे वडील. त्यांची ऐंशी एकर होती. मृत्युपत्र लिहिले की मरण दारात येते, आणि कचेरीत कागद नेला की तो गोऱ्याच्या खिशात जातो, असे आमचे जुने लोक म्हणत. वडिलांनीही तेच धरले आणि कागद केला नाही. त्यांना ते शहाणपण वाटले. ते गेल्यावर जमीन अकरा वारसांत सामाईक राहिली. सेंट लुइसला राहणारा एक भाचा होता, ज्याने ती जमीन डोळ्यांनीही पाहिली नव्हती. त्याने आपला हिस्सा एका गोऱ्या वकिलाला विकला. वकिलाने कोर्टात अर्ज दिला की अकरा जणांत वाटणी होत नाही, तेव्हा सगळीच लिलावात काढा. कचेरीच्या दारात लिलाव झाला. बोली लावणारा एकच, तोच वकील. आम्ही दहा जण खाली उभे राहून बघत होतो. माझी आई त्या दिवसानंतर वर्षभरही जगली नाही.

म्हणून माझी जमीन एकाच नावावर जाईल. मुलगी व्हर्डी हिने वाईट वाटून घेऊ नये. शेहेचाळीस साली डेट्रॉइटला निघताना ती याच अंगणात उभी राहून म्हणाली होती, "आई, मी या मातीवर थुंकते," आणि खरोखरच थुंकली होती. मी ते विसरलेले नाही. तरी तिला माझ्या सातही गोधड्या द्याव्यात. डेट्रॉइटला थंडी फार.

कलम तिसरे: सामान. सुईणीची पिशवी, तिच्यातला तराजू, कात्र्या आणि पांढरा एप्रन, हे सगळे बर्निसला द्यावे. ती नवी सुईण आहे आणि पोरीचा हात हलका आहे. कात्र्या वीस मिनिटे उकळायच्या, दहा नाही, हे तिला पुन्हा सांगावे. सुईणीचा परवाना काउंटीच्या गोऱ्यांच्या हातात असतो, माझा सोमवारी संध्याकाळपर्यंत रद्द होईल, तेव्हा मी मेले नाही तरी पिशवी तिलाच द्यावी. होझियाची बंदूक नेल्सन गेजला. एझेलला देऊ नये, तो स्वतःच्या पायावर गोळी झाडून घेईल. आमच्या चर्चमधले ब्रदर मेब्री यांना माझी तांबडी कोंबडी. कोल्हा आला तेव्हा ती पिलांपुढे उभी राहिली होती. ब्रदर मेब्रींना तिच्यापासून काही शिकता आले तर शिकावे. याचा खुलासा कलम सहामध्ये आहे.

कलम चौथे: अंत्यविधी. बेथेल चर्चमध्ये, होझियाच्या डावीकडे. दगडावर "मिसेस ओझेला प्रुइट" असे पूर्ण कोरावे. गोरे आम्हाला मिसेस म्हणत नाहीत. त्यांच्या ज्या घरांत मी बाळंतपणे केली तिथे मी "आंटी", दुकानात मी "ए ओझेला", आणि कचेरीत तर नुसते बोटाने बोलावणे. दगडाने तरी मला नीट हाक मारावी.

हे पुढचे लिहायला सकाळपासून दोनदा बसले आणि दोनदा उठले. मी नदीत सापडले, किंवा जळालेल्या घरात सापडले, तर ओळख पटवायला एझेलला नेऊ नये. टीग जातील. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीची जुनी खूण आहे, ती त्यांना दाखवून ठेवली आहे. झाले. लिहिले एकदाचे.

कलम पाचवे: एझेल. माझा मुलगा भित्रा आहे असे लोक म्हणतील, म्हणून बुधवारी काय झाले ते लिहिते. तो काउंटीच्या आमच्या मुलांच्या शाळेत शिकवतो. त्याच्या नोकरीच्या करारावर गोरा अधिकारी दर वर्षी नव्याने सही करतो.

"आई, यंदा करारावर एक नवीन प्रश्न घातलाय," तो म्हणाला. "घरातलं कोणी मतदानाच्या सभांना जातं का?"

"मग काय लिहिलंस?"

"नाही म्हणून लिहिलं."

"खोटं लिहिलंस."

"चार पोरं आहेत मला! खरं लिहून त्यांना काय खायला घालू, तुझा मताचा कागद?"

"माझ्यावर आवाज चढवू नकोस, एझेल."

"तू जाऊ नकोस ना गं," एवढेच तो म्हणाला, आणि एकेचाळीस वर्षांचा बाप्या दाराची चौकट धरून रडला. मी त्याला जवळ घेतले नाही. घेतले असते तर सोमवारचे जाणे तिथेच संपले असते.

कलम सहावे: साक्षीदार. हाताने लिहिलेला कागद कायद्यात तसाही चालतो म्हणतात. पण टीग म्हणाले, "ओझेलाबाई, हे लोमॅक्स आहे. इथला जज विचारेल, हे अक्षर तिचं कशावरून? दोन साक्षीदार घ्या. आणि ज्याला काही मिळणार तो नको, नाहीतर त्याला दिलेलं रद्द होतं." पहिली सही त्यांची स्वतःची. "मला काय धाड भरलीय? गोऱ्यांवर माझं पोट नाही. ते मेले तरी माझ्याकडे येत नाहीत."

दुसरा साक्षीदार मात्र मिळेना. या कागदावरची नावे एक दिवस कचेरीत वाचली जाणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मतदार यादीचा फॉर्म कसा भरायचा याचा वर्ग घेणारी दोन पोरे होती, ती शुक्रवारी पोलिसांनी उचलली. बर्निसला परवान्याची काळजी, तिला मी विचारलेच नाही. पाद्रीबुवा म्हणाले, "मी प्रार्थना करतो." ब्रदर मेब्रींनी महिन्यापूर्वी शब्द दिला होता. काल त्यांनी उजवा हात पुढे केला. "बघा सिस्टर, कसा सुजलाय. पेन धरवत नाही." त्याच हाताने दुपारी दुकानापुढे बसून ते सोंगट्या खेळत होते! मी त्यांना माफ केले आहे, पण एवढ्यातच, आणि अजून पुरते नाही.

सोमवारच्या आत दुसरी सही झाली नाही तर हा कागद चुलीत घालायच्या लायकीचा. मग माझी जमीन वडिलांच्या जमिनीच्याच वाटेने जाईल. मरणाइतकीच मला याची भीती वाटते. खरे सांगायचे तर थोडी जास्तच.

कलम सातवे. हे रविवारी, चर्चनंतर लिहीत आहे. एझेल आला. टीग इथेच होते. एझेलने उभ्या उभ्या सगळा कागद वाचला, पाचवे कलमसुद्धा. मग म्हणाला, "सही कुठं करायची?"

"तुझी चालत नाही," मी म्हणाले. "तुला जमीन मिळतेय."

"मग माझं नाव खोड."

"खुळा आहेस का? अठरा वर्षं नांगरलीस ती जमीन तू!"

"आणि साक्षीदार नसला तर ती कोणाला मिळणार, सांग. व्हर्डीच्या नावावर कर."

"ती थुंकली होती तिच्यावर."

"थुंकली. पण विकणार नाही. तिला मी ओळखतो, तू नाही ओळखत."

"आणि तुझी शाळा? तुझी पोरं?"

त्याने खिडकीतून रस्त्याकडे पाहिले. रस्ता मोकळा होता. "लिही आई," तो म्हणाला, "माझाही हात सुजायच्या आत लिही."

म्हणून मी कलम दुसऱ्यातले त्याचे नाव खोडले आहे. अडतीस एकर जमीन आणि दोन्ही घरे माझी मुलगी व्हर्डी हिला एकटीला द्यावीत. खोडलेली रेघ वाकडी आहे ती घाईने मारल्यामुळे, बुद्धी गेल्यामुळे नाही. व्हर्डीने भावाला त्याच्या घरात राहू द्यावे, असे मी लिहायला घेतले होते. टीग म्हणाले, तेही लिहू नका, तेसुद्धा मिळणेच झाले. म्हणून लिहीत नाही. माझा मुलगा एझेल याला मी काहीही देत नाही. जमीन, छप्पर, बापाचे घड्याळ, काही नाही.

कालपर्यंत मला एका जिवाची भीती होती, आता दोन जिवांची आहे. उद्या तो मला कचेरीत घेऊन जाणार म्हणतो. मी नको म्हणाले. तो ऐकत नाही.

ठिकाण बेथेल रिज. तारीख ११ ऑगस्ट १९६३, रविवार, दुपारी तीन. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

सही: मिसेस ओझेला प्रुइट

साक्षीदार पहिला: अँब्रोज टीग, अंत्यविधी व्यवस्थापक. मिसेस प्रुइट यांनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या.

साक्षीदार दुसरा: एझेल प्रुइट, शिक्षक. मिसेस प्रुइट यांनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. मी त्यांचा मुलगा आहे. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळायचे नाही.