भार उतरवल्यावर

४ सप्टेंबर

फुटलेल्या बेअरिंगचे रोलर आले शेवटी. चौकशी समितीने सीलबंद डब्यात पाठवलेत. टर्बाइनच्या बेअरिंगची चाचणी चालू असताना ते फुटलं आणि पैलवान गेला — आमचा मेकॅनिक. हडकुळा, म्हणून पैलवान! काचेअलीकडे बसून यंत्र चालवत होता माझा दादा.

साहेबांना म्हटलं, मी सख्खी बहीण, रोलर तपासायचं काम मला नका देऊ.

"तुमच्याशिवाय इथे हे येतं कुणाला? आणि आडनाव बदललंय ना लग्नानंतर!" हसले. मी नाही हसले.

समितीचा संशय एकच — दादाने भार जास्त दिला. तसं ठरलं तर त्याची नोकरी जाईलच, पण नुसती नोकरी नाही.

५ सप्टेंबर

खाली दादाकडे गेले. घरातले सगळे पंखे बंद. वहिनी घामाघूम. "मिक्सरसुद्धा लावू देत नाहीत. आता काय दातांनी वाटू?"

आम्ही दोघी हसलो. आतून दादा — "हळू. काहीतरी वाजतंय."

काहीच वाजत नव्हतं.

८ सप्टेंबर

सूक्ष्मदर्शकाखाली रोलर बघितले. जास्त भाराने पडतात तसे खड्डे एकाही रोलरवर नाहीत! सगळे एका अंगाने चपटे झालेत, पोलाद सारवल्यासारखं पसरलंय. हे घसरल्याचे व्रण.

वहिनीला समजावलं — मधला दांडा फिरतो, घर्षणाने रोलरना ओढतो, म्हणून ते लोळतात. इथे घर्षण वैरी नाही. पकड सुटली की रोलर मागे पडतात.

"म्हणजे चाक फिरायचं सोडून फरफटतं, तसं?"

"तसंच."

"मग ह्यांनी भार जास्त दिला नव्हता?"

"नव्हता."

ती ओट्याला टेकून रडली. मग मलाच दटावलं, "बघत काय बसलीस, चहा टाक."

९ सप्टेंबर

पण पकड सुटली कशाने?

११ सप्टेंबर

दुसऱ्या यंत्रावर तसलंच बेअरिंग चढवलं. पूर्ण गती, पूर्ण भार — रोलर अगदी हिशेबाप्रमाणे पळतात. गती तीच ठेवून भार उतरवला. रोलर रेंगाळले. तेलावर तरंगायला लागले, दांडा त्यांच्यावरून नुसता सटकतोय. आणि मग तो आवाज. बारीक, चिरका.

काचेपलीकडे यंत्राजवळ कोणीतरी उभं होतं.

बटण दाबून सगळं बंद केलं. काचेत मीच होते. इतकी हडकुळी कधी झाले मी?

१२ सप्टेंबर

आमची रीत अशी — तेल गळतंय असं वाटलं की गती तशीच ठेवायची, भार उतरवायचा, आणि मग माणूस आत पाठवायचा. गती उतरवली तर चाचणी पहिल्यापासून! लेखी नियमच आहे तसा. भार उतरला की यंत्र निवलं, धोका टळला, असंच सगळे धरून चाललो.

दादानेही भार उतरवला, त्याच्या जबाबात आहे तसं. पैलवानाला जपायला. उतरवला नसता तर बेअरिंग टिकलं असतं.

हे त्याला सांगायचं कोणत्या तोंडाने?

आज डबा खाताना पाठीमागे खुर्ची सरकल्यासारखी वाटली. वळून बघायचं टाळलं.

१५ सप्टेंबर

अहवाल दिला. नियम चुकीचा, चालक निर्दोष. साहेब म्हणाले, "सुटला तुमचा दादा!"

दादाला तेवढंच सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या चाचणीचा आलेख दाखव."

"कशाला उगीच?"

"यंत्र मी चालवत होतो की तू?"

दाखवला. भाराची रेघ जिथे खाली येते तिथे त्याने बोट ठेवलं. वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेली. बोट तिथेच.

१६ सप्टेंबर

सकाळी दादा वर आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "पैलवान आत जायला तयार नव्हता. आवाज बरा नाही म्हणाला, सरळ बंदच कर म्हणाला. मीच म्हटलं, भित्र्या, भार उतरवलाय, जा की!"

आत ये म्हटलं. आला नाही.

"समितीला सांगायला निघालोय. तुला आधी सांगावं म्हटलं."