भावोजींचा खाऊ

१४ जुलै, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, चष्म्याच्या दुकानातली नोकरी चालू आहे, जिन्यातला दिवा अजून कुणी बदललेला नाही. तू कशी आहेस हे या वेळी विचारत नाही. मागच्या पत्रांत विचारलं होतं, उत्तर आलं नाही.

तेव्हा कामाचंच लिहिते. आपल्या शेअर्सनी माझं डोकं उठवलंय.

आठवतं ना, दोघींनी मिळून घेतले होते? मोठी म्हणून पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. लग्न होऊन गेलीस तेव्हा म्हणालीस, "लाभांश तूच घेत जा, शेंडेफळ." तो आपल्या दोघींच्या खात्यात येतो आणि मी काढून घेते. यंदा मला कधी नव्हे तो शहाणपणा सुचला. पैसे मी घेते तर मीच दाखवावेत, म्हणून माझ्या विवरणपत्रात दाखवले. कंपनीने लाभांश देतानाच कर कापला होता, तोही परत मागितला. आयकर खात्याचं उत्तर आलं, हा कर तुमच्या नावावर जमा नाही. म्हणजे उत्पन्न धरायचं माझं आणि कापलेला कर मात्र माझा नाही! आहे की नाही उफराटा कारभार?

रजा काढून कर सल्लागाराकडे गेले. त्याने कागद चाळले.

"पहिलं नाव कुणाचं?"

"ताईचं."

"मग कर त्यांच्याच नावावर जमा होणार. विवरणपत्र त्यांनी भरायचं, परतावाही त्यांनाच मिळणार. इतकी वर्षं कोण बघत होतं हे?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. भावोजी दरवर्षी मला थोडे पैसे पाठवायचे, सोबत चिठ्ठी, "मेहुणीला खाऊ." मी दुकानभर मिरवायचे, भावोजी असावेत तर असे! ताई, तो खाऊ म्हणजे माझाच कापलेला कर होता. तुझ्या नावाने परत मिळवायचे आणि माझेच पैसे मला देऊन वर शाबासकी घ्यायचे. काय लबाड माणूस! समोर असते तर कडाकडा भांडले असते. त्या सल्लागारासमोर मला हसू आलं, आणि मग रडूच आलं. त्याला वाटलं, कराच्या आकड्यामुळे रडतेय.

दिवसभर मी गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मा बसवून विचारते, "आता बारीक अक्षर दिसतंय का?" आणि स्वतः लाभांशाच्या कागदाखालची एक ओळ कधी वाचली नाही. चीड येते. माझी येते, त्या आयकर खात्याची येते. आणि तुझी सगळ्यांत जास्त येते. फोन वाजून वाजून बंद होतो. तुझ्या शेजारणीला विचारलं तर म्हणाली, "खिडकी उघडतात, दूध घेतात." सख्ख्या बहिणीची खबर मी शेजारणीकडून घ्यायची? भावोजी गेले ते फक्त तुझेच गेले का?

असो. सल्लागाराने दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे शेअर्सवरून तुझं नाव काढून टाकायचं. एकदा सही केलीस की कटकट मिटली. दुसरी म्हणजे हा लाभांश धाकट्या बहिणीचा आहे असं तू कंपनीला लिहून द्यायचं, मग कर माझ्या नावावर जमा होतो. पण ते दरवर्षी नव्याने लिहून द्यावं लागतं.

"पहिलीच वाट धरा," तो म्हणाला. "दरवर्षी सहीसाठी कोण मागे लागणार?"

"मी लागेन," मी म्हटलं.

सोबत दुसऱ्या वाटेचा कागद आहे. पेन्सिलीने फुली केलीय तिथे सही कर. मन नसेल तर एक ओळही लिहू नकोस, नुसती सही करून पाठव. पुढच्या वर्षी पुन्हा मागणार आहे, त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि या वेळी सही आली नाही, तर ती घ्यायला मी स्वतः येऊन तुझ्या दारात बसेन. गुडघा गेला खड्ड्यात.

तुझ्या नावामागचं,
दुसरं नाव