किल्ली बाबांच्या खिशात

४ मार्च, मंगळवार
चादरीची घडी घातली. झालं! डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "रोज एखादंच लहान काम करायचं आणि वहीत लिहायचं." पस्तिशीचा न्हावी, आजवर हजारो डोकी भादरली, आणि लिहितोय काय — चादरीची घडी घातली.

५ मार्च
चादर. दात घासले.

७ मार्च, शुक्रवार
बाथरूमची कडी बाबांनी काढून टाकली आहे. स्क्रूची चार भोकं तेवढी उरलीत. मी आत गेलो की आई दाराबाहेर उभी. दर दोन मिनिटांनी विचारते, "पाणी गरम आहे ना रे?" पाण्याचं तिला काही पडलेलं नाही, तिला माझा आवाज ऐकायचा असतो. "आहे," म्हणतो. आज पाचदा म्हणालो. दवाखान्यातून आल्यापासून हे असंच चाललंय. जानेवारीत मी जे करायला गेलो त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. मीही लिहिणार नाही.
अंघोळ झाली.

९ मार्च, रविवार
नवीन काम — दाढी. दोन महिन्यांचं रान माजलंय तोंडावर. पण करू कशाने? खाली दुकानातले वस्तरे, कात्र्या बाबा संध्याकाळी मोजून खणात ठेवतात, कुलूप लावतात, किल्ली खिशात. "मी करून देतो," म्हणाले. नको म्हणालो. स्वतःच्या घरात चोर झालोय.

१२ मार्च, बुधवार
शेवटी बसलो. खिडकीजवळच्या खुर्चीत, जिच्यामागे मी बारा वर्षं उभा राहिलो. बाबांनी फेस लावला, वस्तरा टेकवला आणि पहिल्याच ओढीत गाल कापला. बाबांनी! डुलक्या काढणाऱ्या गिऱ्हाइकाची दाढी त्याला जाग न येऊ देता करणारा माणूस. मग हनुवटीलाही लागलं. तुरटी फिरवताना त्यांचा हात थरथरत होता. म्हणजे वस्तरा माझ्याजवळ आणायचीसुद्धा भीती वाटते त्यांना. टॉवेल काढून अर्ध्या दाढीनिशी वर निघून आलो.

१३ मार्च
काही नाही.

१५ मार्च, शनिवार
चादर. जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत उतरलो. सर्कशीत शोभेल असं तोंड घेऊन दुकानात कसा जाणार? तिथेच बसलो. मास्तर आले होते, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बाबा त्यांना म्हणाले, "आज फक्त केस. दाढी नको."
"अहो, दोन महिने हेच सांगताय. आता दुसरीकडे जाऊ का?"
बाबा नुसतेच हसले. नंतर चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला.
आईला बाबांच्या हातांबद्दल विचारलं. म्हणाली, "जानेवारीपासून. तुला कळू द्यायचं नाही म्हणाले."
माझ्यामुळे. हे कोणत्या कामाखाली लिहू?

१६ मार्च, रविवार
अंघोळ. आज "आहे" दोनदाच म्हणावं लागलं.
बाबांना म्हणालो, "वस्तरा द्या. उरलेली माझी मी करतो." त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि खिशावर हात ठेवला. मी चिडलो. "मग मलाही त्या खणात घाला आणि कुलूप लावा!" ते कात्र्या मोजायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ मार्च
चादर. बाबा एकटेच डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. तासभर बसले होते म्हणे. काय बोलणं झालं ते आईलाही सांगत नाहीत. मला परत भरती करणार, दुसरं काय.

१८ मार्च, मंगळवार
सकाळी बाबांनी खालून हाक मारली. खिडकीजवळच्या खुर्चीत तेच बसले होते, गळ्याला टॉवेल, फेस स्वतःच वेडावाकडा फासलेला. खण उघडा होता. "दहाला मास्तर दाढीला येतील," म्हणाले. "त्याआधी माझ्यावर हात बसवून घे." वस्तरा माझ्या हातात दिला, मान मागे टाकली आणि डोळे मिटले.
कुठेही लागलं नाही त्यांना. माझी राहिलेली अर्धी उद्या करीन.